डॉ. कमला सोहोनी : ताटातल्या अन्नाच्या शास्त्रज्ञ

18 जून 2023. रविवारची सकाळ होती. मुलीने मोबाइलवर गूगल उघडले, तर नेहमीच्या अक्षरांच्या जागी एका बाईंचे चित्र. कमला सोहोनी, 112 वा जन्मदिवस. माहिती वाचून ती तशीच स्वयंपाकघरात धावली, की या बाई तर आपल्या इंदूरमध्ये जन्मलेल्या आहेत! माझी आई पोहे परतत होती. तिला सोहोनी हे नाव काही लागले नाही. पण माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण, असे सांगितल्यावर तिने गॅस बारीक केला आणि पुढची माहिती वाचायला लावली.

दुर्गाबाई भागवत आपल्या घरांतून माहीत असतात. 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणीबाणीला विरोध करून तुरुंगात गेलेल्या विदुषी. त्यांची सख्खी बहीण तेवढीच मोठी शास्त्रज्ञ होती आणि तिचे बहुतेक आयुष्य तुमच्याआमच्या रोजच्या खाण्याच्या अभ्यासात गेले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. या वर्षी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असा मंडळाचा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

भागवतांच्या घरात रसायनशास्त्र पाहुणे म्हणून आलेले नव्हते, ते घरातलेच होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला टाटांच्या देणगीतून जी विज्ञानसंस्था उभी राहिली, तिच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे. मुलींनी शिकावे की नाही यावर त्या घरात वाद नव्हता. कमलाबाई 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला पदार्थविज्ञान. पुढे कुठे शिकायचे हे ठरलेलेच होते. वडील आणि काका शिकले तिथेच, बंगळूरला.

तिथून नकार आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीनच वर्षे झालेली. मुलगी आहे म्हणून प्रवेश नाही, एवढेच कारण. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी, घराण्यातले दोघे त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी, कशाचाच उपयोग झाला नाही. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते. कमलाबाई बंगळूरला गेल्या, रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीअपरात्रीही काम करावे लागेल, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट वाचून आजच्या मुलींना हसू येईल. कमलाबाईंना आले नव्हते. हा अपमान त्या विसरल्या नाहीत आणि उतारवयातही जाहीरपणे बोलून दाखवत राहिल्या. रामन शास्त्रज्ञ म्हणून केवढे मोठे, हे त्यांनी कधी नाकारले नाही. पण मोठ्या माणसाची चूक ही चूकच, एवढा हिशेब त्यांनी चोख ठेवला. वर्षभराने त्यांचे काम पाहून त्यांना नियमित प्रवेश मिळाला आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवायला हात न आखडणारे गुरू. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. 1936 साली विशेष श्रेणीत एम.एस्सी. झाल्या. विषय पाहा. त्या काळी प्रथिनांवर काम करायला जगभर कितीतरी गोष्टी होत्या. या मुलीने घेतले ते आपल्याकडे रोज चुलीवर शिजणारे वरण. ज्या देशात बहुतेकांना मांस परवडत नाही किंवा चालत नाही, तिथे मुलाच्या अंगी मांस धरायला डाळ आणि दूध यांवाचून दुसरे काय आहे? म्हणून त्या डाळीत नेमके काय आहे ते कोणीतरी तपासायला हवे होते.

मग केंब्रिज. 1937 साली त्या तिथे पोहोचल्या आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हॉपकिन्स कोण, हे इथे थोडे सांगायला हवे, कारण आहाराच्या आजच्या सगळ्या गप्पांचे मूळ तिथे आहे. शुद्ध केलेले प्रथिन, चरबी, पिष्ट आणि क्षार एवढेच खायला घातलेले उंदीर पोट भरूनही वाढत नाहीत, आणि त्यांना रोज जरासे दूध दिले की वाढू लागतात, असे त्यांनी 1912 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले होते. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगाला तेव्हा पुराव्यानिशी कळले. त्या जराशा दुधात जे होते त्यालाच पुढे जीवनसत्त्वे म्हणू लागले. या कामासाठी हॉपकिन्स यांना 1929 चे नोबेल मिळाले. त्यांच्याबरोबर ते पारितोषिक विभागून मिळाले आइकमन या डच डॉक्टरांना. सडलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की होत नाही, हे त्यांनी जावामध्ये पाहिले होते. भात जितका पांढरा तितका घराचा मान मोठा, अशी समजूत आपल्याकडे होती, अजूनही आहे. तिला शास्त्राने दिलेला हा पहिला धक्का.

केंब्रिजला कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम केले. बटाट्यावर काम करता करता त्यांच्या लक्षात आले की वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत 'सायटोक्रोम सी' नावाचे द्रव्य असते. पेशीच्या श्वसनाला, म्हणजे अन्नातून शक्ती मिळवण्याच्या क्रियेला, हे द्रव्य लागते. हा शोध त्यांनी चौदा महिन्यांत मांडला. प्रबंध अवघा चाळीस पानांचा! आजकाल प्रबंधाचे वजन किलोत करतात, म्हणून मुद्दाम सांगितले. 1939 साली पीएच.डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात राहता आले असते. त्या 1939 मध्येच परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या प्रमुख झाल्या आणि तिथून निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. ही कुन्नूरची प्रयोगशाळा साधी नव्हती. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी ती उभारली होती. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतली माणसे जे खातात तेच त्यांनी उंदरांना खायला घातले. गव्हाची पोळी, दूध, तूप, डाळ, भाज्या या पंजाबी जेवणावरचे उंदीर धष्टपुष्ट निघाले आणि नुसत्या सडलेल्या तांदळावर भागवणाऱ्या गरिबाच्या जेवणावरचे उंदीर खुरटले. भारतीय अन्नपदार्थांत काय किती आहे याची पहिली मोठी कोष्टके याच प्रयोगशाळेने 1937 साली छापली. आज आहारतज्ज्ञ तुम्हाला वाटीभर डाळीतून किती प्रथिन मिळते ते सांगतात, त्या हिशेबाची सुरुवात तिथली. कमलाबाईंनी तिथे जीवनसत्त्वांवर काम केले.

1947 साली त्यांचे लग्न झाले. माधव सोहोनी हे विमा व्यवसायातले गणिती, म्हणजे ॲक्चुअरी. त्या मुंबईला आल्या आणि पुढे तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात भरीव काम इथले, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

आपल्या घरातला वाल घ्या. कडवे वाल, ज्यांची डाळिंब्यांची उसळ आपण श्रावणात करतो. कमलाबाईंनी वालातून आणि डबल बीमधून एक द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे काढले. हे काम 1955 साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. हे द्रव्य करते काय? आपल्या स्वादुपिंडातून आतड्यात ट्रिप्सिन नावाचा पाचकरस येतो, तो प्रथिनांचे तुकडे करतो, म्हणून ती अंगी लागतात. वालातले हे द्रव्य त्या ट्रिप्सिनलाच धरून ठेवते. म्हणजे प्रथिन पोटात जाते, पण पचत नाही. पुस्तकातले आकडे सांगतात की कडधान्यात भरपूर प्रथिन आहे, आणि मूल मात्र बाळसे धरत नाही. अशा ठिकाणी नुसते आकडे पाहून चालत नाही, हे या कामाने दिसले.

उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. नीट, पुरेसे शिजवले की हा अडथळा बहुतांशी नाहीसा होतो. भिजवल्याने कडधान्य लवकर शिजते, मोड आणल्याने क जीवनसत्त्व वाढते आणि पचायला हलके होते. माझी आई आदल्या रात्री वाल भिजवून, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून, तिसऱ्या दिवशी सोलत बसते तेव्हा आम्ही तिला म्हणतो की कशाला एवढा खटाटोप, बाजारात पाकीट मिळते. खटाटोप कशासाठी होता हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळले. आणखी एक गोष्ट याच ओघात. डाळीत लायसिन नावाचा घटक भरपूर आणि मेथिओनिन कमी, तांदूळ-गव्हात नेमके उलटे. म्हणून वरण-भात, खिचडी, पोळी-उसळ ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. मुलाला नुसता भात-लोणचे किंवा नुसती मऊ पोळी-साखर देऊन शाळेत पाठवले, तर ही जोडी तुटते. यात खर्चाचा प्रश्न नाही, वाटीभर डाळीचा आहे.

भाताच्या पिठावरही, ज्याला धान-आटा म्हणतात, त्यांनी काम केले. पण नाव झाले ते नीरेच्या कामामुळे. हे काम हाती घेण्याची सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची. ताड, माड, शिंदी या झाडांना खाच पाडून रात्रभर मडके टांगले की त्यात गोड रस जमतो. पहाटे काढला तर नीरा. ऊन चढले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे अलिराजपूरकडे होतो. तिथे ताडाच्या झाडांना टांगलेली मडकी आणि थंडीतल्या सकाळी रस उतरवणारे भिल्ल गडी रोज दिसत. आम्हा शहरातल्या माणसांच्या लेखी ती दारू. ताजा रस म्हणजे काय आणि आंबलेला म्हणजे काय, हा फरक करायची आम्हाला गरज वाटत नसे.

कमलाबाईंनी तो फरक केला. त्यांच्या तपासणीत नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात मिळाले. रस आटवून गूळ किंवा काकवी केली तरी यातले बरेच टिकते, असेही त्यांना आढळले. मग त्यांनी कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा दिली आणि त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा दिसली. झाड गावातले, रस गावातला, खर्च जवळजवळ नाही. बाहेरून डबे आणून वाटण्यापेक्षा माणसाच्या हाताशी जे आहे त्यातले चांगले कोणते ते शोधून द्यावे, अशी ही दृष्टी होती. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हल्ली रस्त्याकडेला आरोग्यदायी अशी पाटी लावून नीरा विकतात आणि आपण मोटार थांबवून दोन-दोन ग्लास पितो. नीरेत साखर भरपूर असते. ज्या मुलाला पोटभर अन्न मिळत नव्हते त्याच्यासाठी ती वरदान होती. पन्नाशीच्या आसपास आलेल्या, रक्तातली साखर वाढलेल्या इंदूरकराने, सकाळी पोहे-जिलेबी खाऊन वर ती पिण्यासाठी हा दाखला देऊ नये! कोणते अन्न चांगले, हे ते कोणाच्या पोटात जाणार आहे हे पाहून ठरते. कमलाबाई शोध लावत होत्या तो भुकेल्यांसाठी.

मला व्यक्तिशः या हकिगतीत दोघी बहिणींचा योग फार विलक्षण वाटतो. थोरल्या दुर्गाबाई मध्य प्रांतातल्या आदिवासींत राहून त्यांच्या चालीरीतींचा अभ्यास करत असताना विषबाधा होऊन काही वर्षे अंथरुणाला खिळल्या. धाकटीने त्याच रानातल्या लोकांच्या पोटाचा विचार प्रयोगशाळेत केला. आणि थोरल्या बहिणीलाही खाण्याची आवड आणि जाण किती, हे 'खमंग' हे त्यांचे पाककृतींचे पुस्तक पाहिले की कळते.

आता सरकारी नोकरीचा विषय, ज्यात मला थोडे कळते. विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर कमलाबाईंचा हक्क होता. ते पद त्यांना चार वर्षे मिळाले नाही. अंतर्गत राजकारणामुळे अडले. ज्यांनी बढतीच्या फाइलीची वाट पाहिली आहे त्यांना चार वर्षे म्हणजे काय ते सांगायला नको. बंगळूरच्या वेळी त्या एकवीस-बावीस वर्षांच्या होत्या. इथे पन्नाशीच्या, केंब्रिजच्या डॉक्टर, राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या. दारे तीच. मात्र या चार वर्षांतही त्यांचे विद्यार्थी, त्यांच्या डाळी, त्यांच्या परीक्षानळ्या थांबल्या नाहीत. आरे दूध योजनेला दुधाच्या गुणवत्तेबाबत त्या सल्ला देत होत्या, म्हणजे मुंबईतल्या लाखो मुलांच्या पेल्यातल्या दुधाशी त्यांचा संबंध होता. शेवटी त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या प्रमुखपदी स्त्री बसलेली पाहून केंब्रिजच्या जुन्या गुरूंनी, रिक्टर यांनी, कौतुक केले. 1969 साली त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेला जातात. कमलाबाई बाजारात गेल्या. 1966 साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली होती. ग्राहक असा शब्दही तेव्हा लोकांच्या तोंडी नव्हता. दुकानदार देईल ते घ्यायचे. कमलाबाईंनी या संस्थेचे काम हिरिरीने केले, 1982-83 मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या 'कीमत' या मासिकात त्यांनी अन्नाच्या शुद्धतेवर लेख लिहिले. मराठी वाचकांसाठी 'आहार-गाथा' हे पुस्तकही लिहिले.

भेसळीचा प्रश्न आपल्या मध्य प्रदेशाला परका नाही. रीवा-सतना भागात खेसारी डाळ, जिला तिवडा किंवा लाख म्हणतात, दीर्घकाळ आणि भरपूर खाल्ल्यामुळे कित्येक माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. ही डाळ स्वस्त, म्हणून तूर आणि हरभऱ्याच्या डाळीत मिसळली जाई, बेसनातही जाई. बेसनावर आणि शेवेवर जगणाऱ्या आपल्या शहराने हे लक्षात ठेवायला हवे. डाळीला, हळदीला पिवळा धमक रंग यावा म्हणून मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग घालत. त्याच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की गुलाबी रंग येतो. ही परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर कोणालाही करून पाहता येईल. पावती मागणे, पाकिटावरची तारीख पाहणे, फार चकचकीत डाळ दिसली तर हात आखडता घेणे, ही सवय घरातल्या बाईला आणि तिच्याबरोबर पिशवी धरून गेलेल्या मुलाला लागावी, यासाठी या ग्राहक चळवळीतल्या बायका वर्षानुवर्षे झटल्या. त्यांत केंब्रिजची डॉक्टर होती.

1998 साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने कमलाबाईंचा सत्कार ठरवला. परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. सत्यवती यांनी त्यांना आवर्जून बोलावले होते. कमलाबाई ऐंशीच्या पुढे होत्या, तरी गेल्या. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

कुन्नूरची जी प्रयोगशाळा त्यांनी चाळीसच्या दशकात सोडली होती, ती 1958 मध्ये हैदराबादला हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. ती चालते याच परिषदेच्या छत्राखाली.